समुद्रघोडा हरपलेले उंदीर आणि आमचे थोरले काका

रातांबा | रविवार, रात्री ९.४०

इथं दापोली-गुहागरपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं आहेत, म्हणून धागा इथंच काढतेय. विषय प्रयोगशाळेतल्या उंदरांचा आहे, पण सुरुवात आमच्या घरातून करावी लागेल.

आमचे थोरले काका ७१ वर्षांचे. सगळं आयुष्य आगरात गेलं. माड, पोफळी, थोडी जायफळं. गेल्या वर्षी आषाढात रहाटापाशी उभे असताना कोसळले. हृदय थांबलं होतं. शेजारच्या मुलानं छाती दाबत ठेवली, मग चौघांनी झोळीतून पाखाडी उतरवून गाडीपर्यंत नेलं. काका वाचले. महिन्याभरानं घरी आले ते चालत, बोलत, हसत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकूला विचारलं, "हे कोणाचं घर?"

घर त्यांचंच. जुनं घर २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात गेलं. नवीन बांधायला वेळ लागला आणि वास्तुशांत झाली ती काका पडायच्या जेमतेम दोन महिने आधी, अक्षय्य तृतीयेला. पूजेला तेच बसले होते. वादळ त्यांना अजून जसंच्या तसं आठवतं, कुठली पोफळ कुठल्या अंगाला आडवी झाली तेसुद्धा. वास्तुशांत मात्र पुसली गेलीय. त्यानंतरचंही काही राहत नाही. आठ वाजता खाल्लेली पेज दहाला आठवत नाही. न्हाणीघर कुठं ते दिवसातून सहा वेळा विचारतात. आणि झाप विणायला बसले की हात पूर्वीसारखेच चालतात, एक पातं चुकत नाही. भजनात पखवाजावर ठेका पक्का.

यावरून घरात भांडणं होतात. आत्या म्हणाली, "ढोंग आहे. हवं तेवढं बरोबर आठवतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. मी २ वर्षं एका प्रयोगशाळेत याच विषयावर उंदरांबरोबर काम केलंय. हे "हवं तेवढं आठवणं" मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि उंदराला ढोंग करता येत नाही.

आमच्याकडे एक मोठी गोल टाकी होती. पाण्यात दुधाची पावडर कालवून ते पांढरं, अपारदर्शक करायचं. पृष्ठभागाच्या बोटभर खाली छोटा चौथरा, उंदराला न दिसणारा. उंदीर पट्टीचा पोहणारा, पण पाण्यात राहणं त्याला नको असतं, त्यामुळे तो चौथरा शोधतो. ही पद्धत रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडली. पहिल्या दिवशी उंदीर भिंत धरून कडेकडेनं गोल फिरत राहतो. दोनेक दिवसांनी भिंत सोडतो. पाचव्या दिवशी त्याला टाकीच्या कुठल्याही बाजूनं सोडा, खोलीतला दिवा, दार, कपाट यांच्यावरून अंदाज घेऊन तो काही सेकंदांत चौथऱ्यावर चढून अंग झटकत उभा असतो. चौथरा काढून घेतला तरी नेमक्या त्याच कोपऱ्यात घुटमळतो. शोधत असतो.

आता मेंदू. दोन्ही बाजूंना आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग असतो. नाव समुद्रघोड्यावरून पडलं, माणसाच्या मेंदूतून अख्खा बाहेर काढला तर तसाच दिसतो म्हणून. काही उंदरांना भूल देऊन तेवढ्या भागातल्या पेशी मारल्या जातात. काहींची कवटी नुसती उघडून, आत धक्का न लावता टाके घालतात, म्हणजे शस्त्रक्रियेचा परिणाम कुठला आणि पेशी गेल्याचा कुठला हे वेगळं काढता येतं. टाके घातलेले उंदीर साध्या उंदरांसारखेच शिकतात. समुद्रघोडा गेलेला उंदीर पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखा भटकत असतो. चौथरा काढून घेतला तर टाकीभर सारखाच पोहतो, कुठलाही कोपरा त्याला जवळचा नसतो.

पण त्याच चौथऱ्यावर पाण्याच्या वर दिसेल अशी खूण ठेवली, तर हाच उंदीर सरळ तिकडे जातो. पोहणं शाबूत, नजर शाबूत, बाहेर पडायची धडपड शाबूत. हरपलं ते एवढंच: ती जागा अमुक ठिकाणी आहे हे मनात धरून ठेवणं. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे दाखवून दिलं.

आत्याला हे समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग ते उंदीर पुढं बरे झाले का?" या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला मला इथल्या लोकांशी बोलायचंय.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री १०.२५

मी चिपळुणात दवाखाना चालवतो. तुमच्या काकांच्या बाबतीत काय झालं असावं ते सांगतो, कारण इथंही उंदरांनीच शिकवलंय. हृदय थांबलं की सगळ्याच मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो, पण सगळा मेंदू सारखा मरत नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये सीए-१ नावाचा पट्टा आहे, तिथल्या पेशी प्राणवायूच्या बाबतीत फार नाजूक. उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं थांबवून परत सुरू केला, तेव्हा दिसलं की या पेशी लगेच मरत नाहीत. दोन-तीन दिवसांनी मरतात. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही डॉक्टर नातेवाइकांना ठाम काही सांगत नाही, त्यात टाळाटाळ नसते.

१९८६ मध्ये एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याला आर. बी. या आद्याक्षरांनीच ओळखतात. रक्तपुरवठा कमी पडल्यावर त्याला नवीन काही लक्षात राहीना, बुद्धी मात्र व्यवस्थित. मृत्यूनंतर मेंदू तपासला तर मुख्य इजा दोन्ही बाजूंच्या सीए-१ पट्ट्यात. एवढीशी इजा, आणि माणसाचा आजचा दिवस उद्यापर्यंत पोचेना.

तुमच्या आत्यांना हे दाखवा. ढोंग नाही.

हापूस_देवगड | सोमवार, सकाळी ७.०५

उंदरांची स्मरणशक्ती काय असते ते माडवाल्याला विचारा! झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवलं आणि एखादा थोडंसं खाऊन वाचला, तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून कृषी खात्याचे लोक सांगतात की आधी दोन दिवस विष न घालता तसलंच खाणं ठेवा, त्याला सवय होऊ दे, मग विष. ही आठवणसुद्धा त्या समुद्रघोड्यातच असते का?

रातांबा | सोमवार, सकाळी ८.१५

@हापूस_देवगड, फार चांगला प्रश्न. नाही, ती मुख्यतः दुसरीकडे असते. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये दाखवलं की उंदरानं गोड पाणी प्यायलं आणि त्या सुमारास किरणोत्सारानं त्याला बरं वाटेनासं झालं, तर तो पुढं त्या गोड पाण्याला टाळतो. पुढच्या प्रयोगांत तर चव आणि मळमळ यांत काही तासांचं अंतर असतानाही हे जमलं. एकदाच घडून शिकला. हा धडा बिघडतो तो चवीशी संबंधित इन्सुला नावाच्या भागाला इजा केली की. समुद्रघोडा काढला तरी चवीची ही नावड उंदीर शिकतो.

आमच्या काकांना सुरुवातीला एक औषध गुळाच्या पाण्यातून दिलं, त्यांना भडभडून ओकारी झाली. आता गुळाचं पाणी समोर आणलं की तोंड फिरवतात. का, ते त्यांना सांगता येत नाही. ओकारी आठवतच नाही.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, सकाळी ८.५०

यावरून आठवलं. स्वित्झर्लंडमधले क्लापारेद नावाचे डॉक्टर, १९११ साली त्यांनी लिहिलंय. विस्मरण झालेल्या एका बाईंशी हात मिळवताना त्यांनी हातात टाचणी लपवली. थोड्या वेळानं बाईंना तो प्रसंग आठवत नव्हता, पण हात पुढं करायला त्या तयार होईनात. मी असलं काही रुग्णाला करणार नाही, पण त्या बाईंच्या मागं घेतलेल्या हातानं एक मोठी गोष्ट सांगितली.

कुतूहल | सोमवार, दुपारी १.३०

मी शिक्षिका आहे, रत्नागिरीत. बी.एड.ला आम्हांला लॅश्ले शिकवले होते. त्यांनी उंदरांच्या मेंदूचा वेगवेगळा भाग कापला आणि निष्कर्ष काढला की कुठला भाग गेला याला महत्त्व नाही, किती गेला याला आहे. आता तुम्ही म्हणता एवढासा पट्टा गेला तरी घात. दोन्ही खरं कसं?

रातांबा | सोमवार, रात्री ९.१०

@कुतूहल, तुमच्या प्रश्नासाठी दिवसभर थांबले होते.

कार्ल लॅश्ले यांनी वर्षानुवर्षं उंदरांना चक्रव्यूहात शिकवलं आणि मेंदूच्या वरच्या सालीचे, म्हणजे कॉर्टेक्सचे तुकडे काढून पाहिलं. १९२९ मध्ये निष्कर्ष मांडला तो तुम्ही म्हणता तोच. १९५० मध्ये मागं वळून पाहताना त्यांनी प्रांजळपणे लिहिलं की आठवणीची जागा काही सापडली नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. तीस वर्षं शोधून न सापडल्याचं असं सांगायला धैर्य लागतं.

चूक हाताची नव्हती, चक्रव्यूहाची होती. त्यातून उंदीर अनेक मार्गांनी सुटतो. अमावस्येच्या रात्री वीज गेलीय आणि तुम्ही पाखाडी चढून घरी येताय असं समजा. पायाला दगडांची ओळख असते. एका बाजूनं गाज ऐकू येते. ओल्या पाचोळ्याचा वास आला की आपलं आगर आलं. एक खूण गेली तर दुसरी सांभाळून घेते. उंदराचंही तसंच. डोळ्यांचा भाग काढला तर नाक आणि मिशा आहेत. जितकं जास्त काढाल तितक्या खुणा कमी होतात, म्हणून "किती" हे खरं ठरलं. शिवाय लॅश्ले वरची साल काढत होते, समुद्रघोडा तिच्या आत.

मॉरिस यांच्या टाकीत ही पळवाट नाही. पाण्यात वासाचा माग राहत नाही, पायाखाली काही नाही, चौथरा दिसत नाही. दूरच्या खुणांचा नकाशाच हवा. तो कुठं असतो त्याचा धागा जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये लागला होता. उंदीर खोलीत ठराविक जागी आला की हिप्पोकॅम्पसमधली ठराविक पेशी बोलू लागते, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. या कामासाठी त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं, मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्याबरोबर.

केवडा | सोमवार, रात्री १०.००

सगळं वाचलं. तुमच्या काकांबद्दल वाईट वाटतं. पण निरोगी जिवाचा मेंदू मुद्दाम बिघडवायचा, त्याला पाण्यात सोडायचं, हे वाचताना अंगावर काटा आला. तुम्हांला काहीच वाटलं नाही का?

रातांबा | सोमवार, रात्री ११.२०

वाटलं. अजून वाटतं.

मी ते काम सोडलं त्याला हे एक कारण होतं. प्रयोग संपल्यावर सगळ्याच उंदरांना मारावं लागतं, नुसते टाके घातलेल्यांनासुद्धा, कारण इजा नेमकी कुठं आणि किती झाली हे मेंदूचे पातळ काप काढल्याशिवाय कळत नाही. शेपटीवरच्या शाईच्या खुणांवरून मी त्यांना ओळखायचे. कोण भित्रा, कोण टाकीतून काढल्यावर माझ्या हाताच्या उबेला येऊन बसायचा, सगळं माहीत असायचं.

आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, प्रत्येक प्रयोगाला समितीची परवानगी लागते, प्राण्यांची संख्या का हवी ते लिहून द्यावं लागतं. प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता आलं तर ते वापरा, कमी प्राणी वापरा, त्रास कमी करा, ही तीन सूत्रं रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. मी हे नियम पाळलेले पाहिलेत. त्यानं तुमच्या अंगावरचा काटा जाणार नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. पण त्या जिवांनी जे दाखवलं ते मी विसरले आणि घरात काकांना कोणी ढोंगी म्हणत राहिलं, तर ते मला जास्त वाईट वाटेल.

मालवणचो झील | मंगळवार, सकाळी ६.५०

आमच्या आजयेचा असाच आसा. माका बघल्यान काय इचारता, "तू खंयचो रे?" पण घावणे घालूक बसली काय एक घावणो फाटना नाय.

बाकीचं सगळ्यांना समजेल असं लिहितो. आजी जुन्या घरात एकदम ठीक होती, विहिरीवर एकटी जायची. गेल्या महिन्यात दुरुस्तीसाठी तिची खाट माजघरातून ओटीवर आणली आणि सगळं बिनसलं. घर तेच, विहीर तीच. तरी रोज उलट्या बाजूला जाते. याला काही अर्थ आहे का?

आणि समुद्रघोडा आमच्या जाळ्यात कधीमधी येतो. कायद्यानं बंदी आहे, जिवंत असला तर सोडून देतो. मेंदूत पण तो असतो हे आजच कळलं.

रातांबा | मंगळवार, सकाळी ७.४०

@मालवणचो झील, तुम्ही मला आज जागं केलंत. खरंच.

१९९० मध्ये हॉवर्ड आयकनबॉम यांनी मॉरिस यांच्याबरोबर एक प्रयोग केला. समुद्रघोड्याला जोडणारी मज्जातंतूंची वाट तुटलेले उंदीर घेतले. नेहमीच्या पद्धतीत उंदराला दर वेळी टाकीच्या वेगळ्या कडेनं सोडतात. यांनी शिकवताना सुरुवातीची जागा बदलली नाही. आणि ते उंदीर शिकले! सावकाश, पण चौथऱ्यावर पोचू लागले. मग एकदा नव्या जागेवरून सोडलं. साध्या उंदरांनी वाट काढली. इजा झालेले गोंधळले. ते "इथून निघून असं जायचं" हे शिकले होते, "चौथरा तिथं आहे" हे नाही.

तुमच्या आजीची खाट म्हणजे तिची सुरुवातीची जागा. ती हलली.

आणि आमच्याकडे काय चाललंय? काकांची खाट उन्हं वाढली की पडवीत, पाऊस आला की माजघरात, पाहुणे आले की मागच्या खोलीत. टाकीच्या प्रत्येक कडेनं आम्ही त्यांना रोज वेगळं सोडतोय. आज खाट एका जागी ठेवते.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, दुपारी २.१५

एक भर घालतो. विस्मरण झालेल्या माणसाला शिकवताना "ओळखा पाहू कुठं" असं विचारू नका. बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की अशा माणसांना चुकू न देता शिकवलं तर जास्त राहतं. आपण चुकलो तर "चुकलो" हे आठवतं आणि दुरुस्त करतो. त्यांची चूकच सवय बनून बसते. म्हणून पहिले दिवस हात धरून, न चुकता, त्याच वाटेनं न्या.

पडवी | मंगळवार, रात्री ८.३०

माझा मुलगा ४ वर्षांचा असताना पेरूच्या झाडावरून पडला, डोक्याला मार लागला. आता ७ चा आहे. शाळेत पाढे राहत नाहीत. सगळे म्हणतात लहान वयात मेंदू भरून येतो. उंदरांवरून काही कळतं का?

रातांबा | मंगळवार, रात्री ९.५०

@पडवी, "लहान आहे, भरून येईल" हे अर्धंच खरं आहे. ब्रायन कोल्ब यांनी उंदरांच्या पिलांवर काम केलंय. मेंदूच्या पुढच्या भागाची इजा जन्मल्या जन्मल्या झाली तर पिलू मोठेपणी फार मागं राहतं. तीच इजा सात ते दहा दिवसांच्या पिलाला झाली तर ते आश्चर्य वाटावं इतकं सावरतं. वय कमी म्हणून नाही, त्या दिवसांत मेंदू कुठल्या टप्प्यावर आहे यावर सगळं ठरतं. उंदराचे दिवस माणसाच्या वर्षांत मोजून मुलाचं भविष्य सांगता येत नाही. त्याला मेंदूविकारतज्ज्ञ आणि शिकण्याच्या अडचणी तपासणारे मानसतज्ज्ञ, दोघांना दाखवा. वाट पाहत बसू नका.

दुसरी गोष्ट आत्याच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. मेलेल्या पेशी काही परत येत नाहीत. पण बर्कलीत रोझेनझ्वाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की एकट्या रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदरापेक्षा सोबती, शिड्या, रोज बदलणारी खेळणी असलेल्या पिंजऱ्यातल्या उंदराच्या मेंदूची साल जाड आणि वजनदार होते. पुढं मेंदूला इजा झालेल्या उंदरांनाही अशा पिंजऱ्यात ठेवून पाहिलं. ते एकट्या ठेवलेल्यांपेक्षा चक्रव्यूहात कमी चुकले. म्हणून मुलाला खेळायला पाठवा, घरात जपून ठेवू नका. आणि आम्ही काकांना भजनाला न्यायचं थांबवलं होतं, लोक हसतील म्हणून. ते परत सुरू केलंय.

कुतूहल | बुधवार, सकाळी ११.००

एक शंका राहिली. वादळ आठवतं आणि वास्तुशांत नाही, हे कसं?

रातांबा | बुधवार, रात्री ९.००

१९९२, किम आणि फॅन्सेलो. उंदराला एका विशिष्ट पेटीत सौम्य विजेचा धक्का दिला. नंतर त्या पेटीत ठेवलं की तो भीतीनं गोठून उभा राहतो. धक्क्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्रघोड्याला इजा केली तर पेटीची भीती पार गेली. अठ्ठावीस दिवस थांबून तीच इजा केली तर भीती बरीचशी राहिली. आठवण मुरायला वेळ लागतो. मुरेपर्यंत ती समुद्रघोड्यावर अवलंबून असते.

वादळ मुरलं होतं. वास्तुशांत अजून ओली होती.

रातांबा | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९.१५

काय झालं ते सांगायचं कबूल केलं होतं.

खाट माजघरात, डोकं पूर्वेला, हलवायची नाही. पहिले दहा दिवस काकू नाहीतर मी हात धरून नेलं. उठायचं, उजवीकडे देव्हारा, सरळ, मग न्हाणीघर. विचारायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही. बाराव्या रात्री काकूला जाग आली तर खाट रिकामी. ती घाबरून उठली. काका न्हाणीघरातून परत येत होते, एकटे. सकाळी विचारलं तर म्हणाले, "मला कुठं माहीतीय न्हाणीघर?"

आत्या हे ऐकून मागच्या दारी जाऊन बसली. बराच वेळ आली नाही.

पडवीत बसलेले असले की अजून सापडत नाही. तिथून ते पाखाडीकडे चालायला लागतात, जुन्या घराचं न्हाणीघर त्या बाजूला होतं.

मालवणचो झील | शनिवार, रात्री ९.४०

आजीची खाट परत माजघरात नेली. आता ठीक आहे. तुमच्या त्या टाकीत चौथऱ्यावर खूण ठेवली तर दिसायचं ना? मग पडवीतून दिसेल अशी खूण न्हाणीघराच्या दारावर टांगा की.

रातांबा | पुढच्या शुक्रवारी, संध्याकाळी ७.००

टांगली. मधलं कपाट हलवून पडवीपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत नजर मोकळी केली आणि दारावर काकांनी स्वतः बांधलेलं जुनं इरलं अडकवलं. त्याच्याकडे हात धरून रोज नेलं. काल पडवीतून उठले, इरलं दिसलं तसे सरळ आत गेले, वाटेत काकूला म्हणाले, "याच्या कडा उसवल्यात, बांधायला हव्यात." आणि न्हाणीघरात गेले.

रात्री मात्र अंधारात इरलं दिसत नाही.

वाशिष्ठीकाठ | शुक्रवार, संध्याकाळी ७.३५

इरल्यावर उजेड पडेल असा छोटा दिवा लावा. आणि तो कधी विझवू नका, म्हणजे खूण दिवसा-रात्री सारखीच दिसेल. वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा घ्या.

रातांबा | शुक्रवार, रात्री १०.०५

आत्यानं लावला. कंदील पेटवून ती स्वतःच दाराशी उभी होती, बॅटरीवरचा उद्या आणते म्हणाली.